उजनीच्या माशातल्या पर्णकृमींच्या अंगावर खरंच काटे असतात का?

प्रश्न सोलापूरच्या एमएस्सी झूलॉजीच्या विद्यार्थ्याचा आहे: उजनीच्या मरळ माशात सापडलेल्या पर्णकृमीच्या (पानासारख्या चपट्या परजीवी कृमीच्या) अंगावर साध्या मायक्रोस्कोपखाली बारीक खरखर दिसते, ते काय?

बहुतेक काटेच. सगळ्याच जातींना नसतात, पण असले तर साधारणपणे पुढच्या भागात दाट आणि शेपटाकडे विरळ होत जातात. खवल्यांसारखे मागे कललेले, आतून अॅक्टिन या प्रथिनाचे. यजमानाच्या, म्हणजे ज्याच्या अंगात कृमी राहतो त्या प्राण्याच्या, ऊतीला धरून राहायला उपयोगी.

खरी गंमत त्या काट्यांखालच्या आवरणात आहे. पूर्वी ते निर्जीव कवच समजलं जायचं. १९६०च्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने ते मोडीत काढलं. हे आवरण, म्हणजे टेग्युमेंट, जिवंत आहे, आणि त्यात पेशी-पेशींमधल्या सीमाच नाहीत, सलग एकच थर. केंद्रकं स्नायूंच्या खाली बसलेली, वरच्या थराशी बारीक नळ्यांनी जोडलेली. तोंड असूनही हा प्राणी ग्लुकोज या कातडीतूनही शोषतो! चूषकांच्या (चिकटून राहायच्या वाटीसारख्या अवयवांच्या) कडेला गोल उंचवटे दिसले तर ते काटे समजू नका; ती बहुधा संवेदी अंकुरकं, म्हणजे संवेदना टिपणारे बारीक उंचवटे, असतात.

काट्यांची मांडणी नीट बघायची तर स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच हवा. कृमी ताजा असतानाच सलाईनमध्ये हलवून चिकटा काढा, मग फिक्स करा, म्हणजे रसायनात टाकून आहे तसा टिकवा. मेलेला कृमी पाण्यात पडून राहिला की काटे गळतात, आणि मग लोक ‘काटे नसलेली जात’ म्हणून मोकळे होतात.