स्कॅन 'नॉर्मल' आला, पण इंजेक्शन कोणतं दिलं होतं?

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. सासरे ७९ वर्षांचे, एकोमध्ये हृदयाची भिंत जाड, १७ मिमी, पंपिंग ठीक, तरी जिना चढताना धाप आणि पायांवर सूज. अ‍ॅमिलॉइडची, म्हणजे हृदयाच्या स्नायूत चुकीच्या घडीचं प्रथिन साठत असल्याची, शंका म्हणून स्कॅन केला, तो नॉर्मल आला, आता 'वयाचं आहे' म्हणून सोडून द्यायचं का, असं विचारलंय तुम्ही. आकडे थोडे इकडेतिकडे केले तर ही माझ्या बाबांचीच फाईल.

मी डॉक्टर नाही, औषधाचं काहीही माझ्या सांगण्यावरून बदलू नका. अ‍ॅमिलॉइड म्हणजे काय ते तुम्ही वाचलेलं दिसतंय, त्यात शिरत नाही. फक्त रिपोर्ट काढा आणि कोणतं इंजेक्शन देऊन स्कॅन केला ते बघा.

आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर स्वच्छ 'पायरोफॉस्फेट' (थोडक्यात पीवायपी) लिहिलं होतं. सेंटरच्या काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "बोन स्कॅनच ना काकू, तोच हा." आणि त्यांनी एमडीपी दिलं, म्हणजे कॅन्सर हाडात पसरलाय का ते बघताना नेहमी देतात ते. दोन्हींत टेक्नेशियम हा किरणोत्सर्गी पदार्थच असतो, दोन्ही हाडांत जातात, म्हणून लोक सरसकट बोन स्कॅन म्हणतात. पण म्हाताऱ्या माणसांच्या हृदयात साठणारं ट्रान्सथायरेटिन नावाच्या प्रथिनाचं अ‍ॅमिलॉइड एमडीपीत बऱ्याचदा दिसतच नाही. रिपोर्टमध्ये लिहून आलं, हृदयात काही नाही. आम्ही पेढे आणले. खरंच आणले.

नऊ महिने बाबा 'वयाचं' म्हणून धापत राहिले. मग पुण्यात दुसऱ्या डॉक्टरांनी तो कागद हातात घेतला आणि पहिलंच विचारलं, "पीवायपी कुठाय?" तो केला, तीन तासांनंतरची चित्रं, स्पेक्टसकट (कॅमेरा भोवती फिरवून घेतलेली थ्रीडी चित्रं). ग्रेड ३, म्हणजे हाडांपेक्षाही हृदयात जास्त. (स्पेक्ट मागाच. साध्या चित्रात नुसतं हृदयातल्या रक्तात फिरणारं औषधही स्नायूत साठल्यासारखं दिसू शकतं.) पहिल्या सेंटरला फोन केला तर म्हणाले, चिठ्ठीत बोन स्कॅनच असेल. चिठ्ठीची झेरॉक्स माझ्याकडे होती, पाठवली. उत्तर नाही, पैसे परत नाहीत, साधी दिलगिरी नाही. त्या काउंटरवर मी स्वतः उभी होते आणि 'तोच हा' ऐकून मान डोलावली, हे मात्र मला अजून टोचतं.

पीवायपी पॉझिटिव्ह आला तरी थांबू नका. रक्तातल्या फ्री लाइट चेन आणि रक्त-लघवी दोन्हींचं इम्युनोफिक्सेशन झालंच पाहिजे. अ‍ॅमिलॉइडचा दुसरा प्रकार अस्थिमज्जेतल्या पेशींनी बनवलेल्या प्रथिनामुळे होतो (तेच या तपासण्या शोधतात), त्याला केमोसारखे उपचार लागतात आणि तिथे आठवडेही महत्त्वाचे असतात. तोही कधीकधी पीवायपीत उजळतो. माझ्या मते या तपासण्या स्कॅनच्या आधीच व्हाव्यात, पण ऐकतो कोण. ट्रान्सथायरेटिन नक्की झालं की जीन टेस्टही विचारा. आनुवंशिक निघालं तर तुमच्या मिस्टरांचाही प्रश्न आहे.

अजून एक. सासऱ्यांच्या मनगटांचं कार्पल टनेलचं (मनगटात दबलेली नस सोडवण्याचं) ऑपरेशन झालंय का? हेच अ‍ॅमिलॉइड मनगटातही साठतं. बाबांच्या दोन्ही हातांचं सात वर्षं आधी झालं होतं. 'आधीची ऑपरेशन्स?' या रकान्यात आम्ही 'नाही' लिहिलं, हाताचं कुठे धरायचं म्हणून. ते कागद हृदयाच्या फाईलमध्ये ठेवा. वर्षानुवर्षं बीपी असलेल्या माणसाचं बीपी आपोआप उतरायला लागलं असेल तर तेही सांगा. बीटा ब्लॉकर (ठोके कमी करणाऱ्या गोळ्या) या रुग्णांना बऱ्याचदा झेपत नाहीत, डिल्टियाझेम-व्हेरापामिल या बीपीच्या गोळ्याही त्रास देऊ शकतात. पण गोळ्या घरच्या घरी बंद करू नका.

टाफॅमिडिस या ट्रान्सथायरेटिनवरच्या औषधाने साठलेलं विरघळत नाही, पुढचं साठणं मंदावतं. २०१८ च्या मोठ्या चाचणीत ४४१ रुग्ण होते. ३० महिन्यांत औषध घेणाऱ्यांत सुमारे २९.५ टक्के दगावले, न घेणाऱ्यांत ४२.९. लवकर सुरू केलं तर फायदा जास्त, म्हणून त्या नऊ महिन्यांचा हिशोब मी सोडत नाही. खर्चाचं विचाराल तर वेगळा मेसेज करा, इथे लिहिलं की भांडणं होतात.

रोज सकाळी वजन, अंघोळ स्टुलावर बसून, उठताना आधी पलंगाच्या काठावर मिनिटभर बसायचं. बाबा चक्कर येऊन मोरीत पडले तेव्हा हे शिकलो.

रिपोर्टच्या पहिल्या चार ओळी इथे टाका, नाव झाकून. 'एमडीपी' दिसलं तर उद्याच डॉक्टरांना फोन करा.