मुलाला टूरवर गोल्फ खेळायचंय

प्रश्न : मुलगा यंदा बारावीला आहे. मे महिन्याच्या सुटीत खारघरला मामाकडे राहून तिथल्या गोल्फ कोर्सवर कॅडीचं, म्हणजे खेळाडूंच्या बॅगा वाहायचं, काम करतो. मारतोही छान म्हणे. आता ‘टूरवरच खेळणार’, म्हणजे व्यावसायिक स्पर्धाच खेळणार, म्हणून हटून बसलाय. पाच वर्षं कलमं व्यापाऱ्याला कराराने द्यावीत आणि त्या पैशांत त्याला प्रोफेशनल करावं, असं ह्यांच्या मनात आहे. गोल्फवर पोट भरतं का? – एक आई, देवगड

उत्तर : ताई, कलमं कराराने देऊ नका. मुलाला मात्र खेळू द्या.

मी टूरवर खेळलोय, म्हणून आधी पैशांचं सांगतो. स्पर्धा चार दिवसांची, रोज 18 होल, म्हणजे चेंडू टाकायचे खड्डे. दुसऱ्या दिवशी 36 होल झाले की ‘कट’ लागतो. अमेरिकेच्या पीजीए टूरवर साधारण पहिले 65 आणि त्यांच्या बरोबरीचे पुढे खेळतात, बाकीचे घरी जातात. बक्षिसाची रक्कम पुढे गेलेल्यांतच वाटली जाते. एन्ट्री फी, प्रवास, लॉज, कॅडीची मजुरी हा खर्च मात्र सगळ्यांचाच झालेला असतो. एका स्ट्रोकने, म्हणजे एका जास्तीच्या फटक्याने, कट चुकला की रात्रीच्या गाडीत कणकवलीपर्यंत झोप लागत नाही. हुकलेला चार फुटांचा पट, म्हणजे चेंडू होलमध्ये ढकलायचा हलका फटका, डोळ्यांसमोरून हलत नाही. वडील स्टेशनवर न्यायला यायचे, पण स्कोअर कधी विचारायचे नाहीत. तुमच्या ह्यांनाही हे जमायला हवं.

आपल्याकडची टूर, पीजीटीआय (प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया), 2006 साली सुरू झाली. तिथे शिरायला क्वालिफाइंग स्कूलमधून, म्हणजे पात्रता स्पर्धेतून, कार्ड (टूरवर खेळायचा हक्क) मिळवावं लागतं, आणि मिळालेलं कार्ड टिकवावंही लागतं. अर्जुन अटवाल युरोपियन टूरवर जिंकलेला खेळाडू, तरी 2010 मध्ये त्याचं पीजीए टूरचं कार्ड गेलं. सदतिसाव्या वर्षी सोमवारच्या पात्रता फेरीतून तो विंडहॅम चॅम्पियनशिपमध्ये शिरला आणि त्याच रविवारी जिंकला. पीजीए टूर जिंकणारा पहिला भारतीय तो! मला मात्र त्यातला सोमवारच जास्त आठवतो. एवढं नाव झाल्यावरही जागेसाठी पुन्हा रांगेत उभं राहण्याची तयारी लागते.

कॅडीचं काम कमी समजू नका. दिल्लीचा अली शेर कॅडी होता, त्याने 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकली. बॅग वाहणाऱ्या पोराला ग्रीनचा, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीचा, उतार पायांना कळतो.

आता नेमकं काय करायचं? देवगडच्या सड्यावर जाळी बांधून स्विंग घोटता येईल, वाऱ्यात चेंडू खालून, जमिनीलगत काढायची सवयही लागेल. पण पटिंग आणि चिपिंग (ग्रीनजवळून मारायचा छोटा फटका) खऱ्या ग्रीनवरच शिकता येतं, आणि कट बहुतेकदा तिथेच चुकतो. म्हणून बारावीनंतर त्याला खारघर-पनवेलकडच्या कॉलेजात घाला, मामाकडे ठेवा. सकाळी कॅडी, दुपारी सराव, आणि पदवी पूर्ण करायचीच. तोवर हौशी खेळाडू म्हणून इंडियन गोल्फ युनियनच्या स्पर्धा खेळू द्या. प्रोफेशनल व्हायची घाई नको.

त्याला हँडिकॅप, म्हणजे खेळाची पातळी दाखवणारा आकडा, काढून घ्यायला सांगा. तो जितका कमी तितका खेळ चांगला. टूरवर टिकणारी मुलं शून्याच्याही खाली असतात, त्याला प्लस म्हणतात. तो तिथे पोचला की मला पुन्हा लिहा. मग पैशांचं बोलू. तेही एका हंगामाच्या खर्चाचं, पाच वर्षांच्या कलमांचं नाही.