'बुद्रुस' माहितीपटात दाखवलेलं आंदोलन खरंच यशस्वी झालं होतं का?

हो, बुद्रुसच्या गावकऱ्यांनी इस्रायलला पॅलेस्टिनी भागालगत उभारल्या जाणाऱ्या विभाजक भिंतीचा मार्ग बदलायला लावला, तोही हाती शस्त्र न धरता. वेस्ट बँक या पॅलेस्टिनी भागातलं हे छोटं गाव, इस्रायल आणि वेस्ट बँक यांना विभागणाऱ्या १९४९ च्या युद्धबंदी रेषेला अगदी लागून आहे. मूळ आखणीप्रमाणे भिंत त्यांच्या शेतांमधून जाणार होती आणि सुमारे ३०० एकर जमीन व ३,००० ऑलिव्हची झाडं हातची जाणार होती. २००३ च्या अखेरीस गावातले कार्यकर्ते आयद मोरार यांनी फतह आणि हमास या एकमेकांच्या विरोधातल्या पॅलेस्टिनी संघटना, दोन्हीकडच्या माणसांना एकत्र आणलं. इस्रायली कार्यकर्तेही सोबत आले. पण पारडं फिरलं ते बायका पुढे झाल्यावर, असं मला ठामपणे वाटतं. मोरार यांची शाळकरी मुलगी बुलडोझरसमोरच्या खड्ड्यात उतरते, तो प्रसंग लक्ष देऊन बघा. जुलिया बाशा यांच्या या २००९ च्या माहितीपटात आंदोलनात प्रत्यक्ष टिपलेली दृश्यं तर आहेतच, शिवाय तिथे तैनात असलेल्या इस्रायली सीमा पोलीस दलातल्या महिलेची मुलाखतही आहे, म्हणून तो एकतर्फी वाटत नाही. एवढं मात्र ध्यानात घ्या: भिंत रद्द झाली नाही, रेषेजवळ सरकली. आणि सगळ्याच गावांना इतकं लवकर यश आलं नाही. जवळच्या बिलइन गावात २००५ पासून दर शुक्रवारी मोर्चे निघत होते. २००७ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्ग बदलायला सांगितलं, तरी भिंत प्रत्यक्ष हलायला २०११ उजाडलं.