आठ बेडरूमचा बंगला, गिऱ्हाईक मिळेना

प्रश्न: वडिलांनी रिटायर झाल्यावर दापोली तालुक्यात गावी साडेसहा हजार स्क्वेअर फुटांचा बंगला बांधला, आठ बेडरूम, होम थिएटर, इटालियन मार्बल, सगळं हौसेने. आता ते नाहीत, आम्ही दोघी बहिणी पुण्यात. खर्च झाला तेवढे म्हणजे तीन कोटी सांगतोय, लोक येतात, गच्चीवरून समुद्राचे फोटो काढतात आणि परत फोनच करत नाहीत. थांबावं की किंमत उतरवावी?
– एक वाचक, पुणे

उत्तर: ताई, थांबू नका. वडिलांच्या हौसेचं घर कमी भावात देताना जीव तुटतो हे कळतं मला, पण घ्यायला येणारा खर्च किती झाला ते बघतच नाही. तीन कोटीवाला एकतर शहरात फ्लॅट घेतो नाहीतर कोकणात प्लॉट घेऊन आपल्या मनासारखं दोन-तीन बेडरूमचं बांधतो, कारण आठ बाथरूम साफ कोण ठेवणार, खाऱ्या वाऱ्याने ग्रिल गंजतात, बंद खोल्यांना पावसाळ्यात बुरशी धरते आणि राखणदाराचा पगार बारा महिने चालूच. त्यात 75 लाखांवरच्या होमलोनला किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळतं, आणि ती किंमत बँकेच्या व्हॅल्युअरची, तुमची नाही. अमेरिकेचा बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनचं शिकागोजवळचं 56 हजार स्क्वेअर फुटांचं घर 2012 मध्ये 2 कोटी 90 लाख डॉलरला काढलं होतं, ते 2024 च्या शेवटी 95 लाखांना गेलं, आणि ते तर शहराजवळ होतं.

पण किमतीच्या आधी कागद. ग्रामपंचायतीचा नमुना 8 म्हणजे घरपट्टीचा उतारा, तो मालकीचा पुरावा नाही. सातबारावर दोघींची वारसनोंद झालीय का, घराखालची जमीन एनए म्हणजे बिनशेती आहे का, किनाऱ्याजवळ असेल तर सीआरझेडची म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांखालची परवानगी घेतली होती का, हे सगळं आधी बघा. आजूबाजूची आंब्याची बाग अजून शेतीच्या सातबारावर असेल तर शेतकरी नसलेल्याला ती सहसा घेता येत नाही, मुंबईचं बरंच गिऱ्हाईक तिथंच गळतं आणि तुम्हाला कारणसुद्धा सांगत नाही.

मग आजूबाजूच्या रजिस्टर झालेल्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे रजिस्टर झालेली किंमत दाखवणारे उतारे काढा, ऑनलाइन मिळतात, एजंटच्या तोंडच्या भावावर जाऊ नका. जमिनीचा खरा भाव अधिक बांधकामाचे थोडे, इथून सुरुवात करा. फक्त रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी दरपत्रकाच्या हिशोबाने येणाऱ्या किमतीपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त खाली विकलंत तर कॅपिटल गेन्स टॅक्स त्या सरकारी किमतीवर लागू शकतो, म्हणून आकडा ठरवायच्या आधी सीएला दाखवा.

आठ बेडरूम ज्याला कामाच्या आहेत त्यालाच गाठा, म्हणजे होमस्टे किंवा छोटं रिसॉर्ट चालवणारा. त्याची लगेच विकत घ्यायची तयारी नसेल तर आधी भाड्याने द्या, करार मात्र रजिस्टरच करा, घर वापरात राहील आणि राखणदाराचा खर्च तरी सुटेल.