मी ख्रिस्ती नाही. तरी चर्चमध्ये उपासनेला जाऊन बसलं तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की रविवारी भाजीला जाताना वाटेतल्या चर्चमधून गाण्याचा आवाज येतो, पाय थबकतात, पण ‘आपण त्यांच्यातले नाही, कोणी हटकलं तर?’ या धास्तीने पुढे निघून जाता. आधी धर्म बदलावा लागतो का, असंही विचारलंय.

नाही लागत. या रविवारीच जा. कोणाला विचारायची गरज नाही.

मी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात, ख्रिस्ती घरात वाढले. आमच्याकडे लग्नाची आवतणं दोन तऱ्हेची असतात. एक घरटी एका माणसाचं. दुसरं चूलबंद, म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटायची नाही, म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळ्यांनी यायचं. माझे आजोबा म्हणायचे, येशूचं आवतण चूलबंद आहे.

हे ते लूकच्या शुभवर्तमानातल्या एका दाखल्यावरून म्हणत. एक माणूस मोठी मेजवानी करतो. जेवण तयार झाल्यावर चाकराला बोलवायला धाडतो, तर ज्यांना आधीच सांगून ठेवलेलं, ते एकेक सबब सांगू लागतात. एक म्हणतो, शेत घेतलंय, बघून यायचंय. दुसरा म्हणतो, बैलांच्या पाच जोड्या घेतल्यात, त्या पारखायला चाललोय. तिसऱ्याचं नुकतंच लग्न झालेलं. आजोबा बैलांपाशी हटकून थांबायचे. औताला जुंपून पाहिल्याशिवाय बैल कोण विकत घेतं? म्हणजे त्याला यायचंच नव्हतं. मग यजमान चाकराला म्हणतो, गल्लीबोळांतून लुळेपांगळे, आंधळे, गरीब, जे भेटतील त्यांना घेऊन ये. ते येतात, तरी पंगतीत जागा उरतेच. तेव्हा तो चाकराला गावाबाहेरच्या रस्त्यांवर, कुंपणांपाशी पाठवतो. माझं घर भरलं पाहिजे, एवढाच त्याचा ध्यास. आलेल्यांपैकी एकालाही तो विचारत नाही की तू कोणाचा, काय आणलंस.

आजोबांना हे इतकं का भिडायचं ते मला मोठेपणी कळलं. त्यांच्या वडिलांना गावच्या देवळाची पायरी चढू देत नव्हते. ‘आत या’ हे शब्द त्या माणसाने पहिल्यांदा चर्चच्या दारात ऐकले. चर्चमधल्या माणसांनीही जात पुरती टाकली नाही, हे मी पाहिलंय, आणि मला त्याची लाज वाटते. पण तो दोष पंगतीला बसलेल्यांचा. बोलावणाऱ्याने तसा भेद केलेला नाही.

आत जाऊन बसलं म्हणजे ख्रिस्ती झालं, असं नसतं. बाप्तिस्मा ही वेगळी गोष्ट आहे, ती माणूस आपल्या मनाने आणि आपल्या वेळेला ठरवतो. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला 1900 साली. मधली पाच वर्षं घरात केवढं दुःख होतं! नवऱ्याकडे परत येऊनही त्या आपलं सोवळं सांभाळत राहिल्या, आणि त्यांच्या मनाला पटलं तेव्हाच त्या आल्या. मला हे फार मोलाचं वाटतं. कोणी तुम्हाला धाक घातला, पैशाचं किंवा नोकरीचं आमिष दाखवलं, तर तिथून सरळ उठा. ते येशूचं आवतण नव्हे.

आता आत गेल्यावरचं. साधे, नेहमीचे कपडे चालतात. खेड्यातल्या बऱ्याच चर्चमध्ये चपला बाहेर काढतात, सतरंजीवर बसतात. शहरात बाकं असतात. बाकीचे उभे राहिले की उभं राहा, नाही राहिलात तरी कोणाला राग येत नाही. दानाची थैली फिरते, ती नुसती पुढे द्या. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस बाप्तिस्मा झालेलेच घेतात, म्हणून त्या वेळी आपल्या जागी शांत बसून राहा. कॅथलिक चर्चमध्येही तसंच, लोक रांगेने पुढे जातात तेव्हा बसून राहिलं तरी चालतं. एवढी एकच गोष्ट राखलेली आहे. गाणी, प्रार्थना, वचन, सगळं तुमचंही.

आणि गाण्यांना नक्की थांबा. आमच्याकडे टाळ, पेटी, तबला असतो. टिळकांची भजनं अभंगाच्या चालीवर सुरू झाली की मागे बसलेली म्हातारी माणसंसुद्धा डोलू लागतात. तुम्हाला ते परकं वाटणार नाही.

एकदा नाताळच्या आदल्या रात्री आमच्या चर्चच्या दारात एक बाई उभी होती, ऊसतोडीला आलेली, कडेवर लेकरू. आत यावं की नाही, तिला कळेना. माझी आई सतरंजीवरून सरकली, शेजारची जागा हाताने झाडली आणि म्हणाली, “ये गं, बस.” पोर आईच्या मांडीवर झोपलं. उपासना संपल्यावर त्या बाईने गूळपोळी खाल्ली, दोन पदरात बांधून घेतल्या आणि फडावर निघून गेली. पुन्हा कधी आली नाही. आई मात्र पुढच्या नाताळला दाराशेजारी बसली, तिच्यासाठी जागा धरून.

उपासनेची वेळ बहुधा फाटकावरच्या पाटीवर लिहिलेली असते. दहा मिनिटं आधी पोचा, म्हणजे भजनं पहिल्यापासून मिळतील.