माजाचं इंजेक्शन दिलं, मेंढी माजावर आली, तरी फळली नाही

कागलच्या दादांनी विचारलंय की माजावर येत नसलेल्या मेंढीला इस्ट्रोजेनचं, म्हणजे माज आणणाऱ्या हार्मोनचं, इंजेक्शन दिलं, दुसऱ्या दिवशी ती मेंढ्याखाली उभी राहिली, तरी गाभण नाही, मग बीज सोडवणारं हार्मोन, एलएच, सुटलं का आणि किती तासांनी?

दादा, सुटलं असणारच, घोळ पुढं आहे. इस्ट्रोजेन चढलं की एलएच लगेच उसळतं असं वाटतं पण होतं उलटं, पहिले काही तास ते दबतं, तेव्हा रक्त तपासलं तर इंजेक्शन वाया गेलं म्हणाल. मग साधारण १२ ते २४ तासांत मेंदूतनं जीएनआरएच नावाचं इशारा देणारं हार्मोन सुटतं, त्यानं मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतनं एलएचचा लोंढा येतो, तो दहाएक तास टिकतो आणि बीज सुटतं त्यानंतर अंदाजे २४ तासांनी. गंमत म्हणजे लोंढा येईस्तोवर इस्ट्रोजेन रक्तात राहायला पण लागत नाही, सुरवातीचे काही तास मेंदूला पुरेसं पोचलं की बास, लोंढा आपल्या वेळेला येतोच. बाईमाणसात तसं नाही, तिथं दीड-दोन दिवस पातळी चढी राहावी लागते.

आता घोळ. नेहमीच्या माजात इस्ट्रोजेन येतं पिकत्या फॉलिकलमधनं (अंडाशयातला बीजाचा फोड), म्हणजे बीज तयार झाल्याची वर्दीच ती. तुम्ही बाटलीतनं दिलं, वर्दी पोचली, माज दिसला, पण आत पिकलेलं काही नसलं तर फळणार काय?

आणि अंगात प्रोजेस्टेरॉन (गाभणपण टिकवणारं हार्मोन) चढलेलं असलं तर लोंढाच येत नाही. स्पंजचा खेळ ह्यावरच चालतो, प्रोजेस्टेरॉनसारखं औषध भरलेला स्पंज मेंढीच्या योनीत १२-१४ दिवस ठेवायचा, काढताना पीएमएसजी म्हणजे फॉलिकल वाढवणारं इंजेक्शन, मग फॉलिकल खरंच वाढतात, स्वतःचं इस्ट्रोजेन करतात आणि बऱ्याच मेंढ्या दोन दिवसांत माजावर येतात. डोस मात्र डॉक्टरांनाच ठरवू द्या, मेडिकलवाल्याला विचारून टोचू नका.

मेंढरं काय गाईसारखी ओरडून माज सांगत नाहीत, तेव्हा सकाळ-संध्याकाळ पोटाखाली फडकं बांधलेला मेंढा कळपात फिरवायचा, जी शेपूट हलवत थांबेल ती बाजूला काढायची. माज २४ ते ३६ तासांचा आणि बीज सुटतं शेवटाकडं, म्हणून एकदा मेंढा लावून गप्प बसू नका, १२ तासांनी परत लावा.

स्पंजला पैसे घालायचे नसतील तर मेंढा महिनाभर लांब ठेवा, वाससुद्धा येऊ नये, मग एकदम सोडा. पहिलं बीज बहुतेक मुक्यानंच सुटतं, माज दिसत नाही, खरा माज अडीच-तीन आठवड्यांनी, तोवर मेंढा काढू नका.