लग्नाच्या जुन्या कॅसेटवरचं स्टुडिओचं फिरतं नाव संगणकावर नीट कसं उतरवायचं?

तुम्ही लिहिलंय की 1996 सालची लग्नाची व्हीएचएस कॅसेट आहे, सुरुवातीला जालन्याच्या स्टुडिओचं नाव गोल फिरत येतं. कॅप्चर करताना, म्हणजे संगणकात उतरवताना, तिथे निळा पडदा दिसतो, आणि नाव दिसलंच तर अक्षरांच्या कडा कंगव्यासारख्या होतात. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

निळा पडदा व्हीसीआरच, म्हणजे कॅसेट चालवणारं यंत्रच, टाकतं. प्ले दाबलं की रीळ ड्रमभोवती, म्हणजे चित्र वाचणारे हेड बसवलेल्या फिरत्या नळकांड्याभोवती, गुंडाळलं जातं. ड्रम मिनिटाला 1500 फेरे घेतो; त्याचा आणि रिळाच्या चालीचा मेळ बसायला काही सेकंद लागतात, तोवर चित्र झाकलेलं राहतं. स्टुडिओचं नाव नेमकं त्या सेकंदांत सापडतं. व्हीसीआरच्या मेनूत 'ब्लू बॅक' (निळा पडदा) असेल तर आधी ते बंद करा. मग कॅसेट थोडी पुढे चालू द्या, चित्र स्थिर झालं की स्टॉप न दाबता रिवाइंड दाबा. चित्र उलटं पळताना दिसेल. नाव सुरू होण्याच्या जरा आधी पुन्हा प्ले. रीळ ड्रमवरच असल्यामुळे मेळ पटकन बसतो. फार मागे मात्र जाऊ नका. सुरुवातीचा पारदर्शक तुकडा सेन्सरसमोर आला की यंत्र थांबतं आणि रीळ ड्रमवरून सुटतं.

एवढं करूनही चित्राचा वरचा भाग लहरत असेल, तर व्हीसीआर आणि कॅप्चर कार्डाच्या (चित्र संगणकात घेणाऱ्या कार्डाच्या) मध्ये जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडा. पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस10 आणि ईएस15 याच कामासाठी शोधले जातात, कारण ते वाकड्या ओळी सरळ करून पुढे पाठवतात. महागडं कार्ड घेण्याआधी मी पैसे इथे घालायला सांगेन.

कॅसेट पत्र्याच्या किंवा माळवदाच्या घरात पडून असेल तर घाई नको. कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढरी बुरशी दिसली तर कॅसेट व्हीसीआरमध्ये घालूच नका. बुरशी नसेल तर एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, म्हणजे सैल-घट्ट गुंडाळी सारखी होते. हेड पुसायला 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ चामड्याची पट्टी. पट्टी स्थिर धरून ड्रम हाताने फिरवा. वर-खाली घासलं तर हेड तुटतं. कापसाचे तंतू हेडमध्ये अडकतात, तो वापरू नका.

आता कंगवा. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत सेकंदाला 25 चित्रं असतात, पण प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्यांचं (या अर्ध्याला फील्ड म्हणतात), आणि त्या दोहोंत 1/50 सेकंदाचं अंतर. तेवढ्यात फिरतं अक्षर पुढे सरकलेलं असतं. म्हणून कॅप्चर करताना काहीही सुधारू नका: व्हर्च्युअलडब2 हा प्रोग्राम, आकार 720×576, आणि दर्जा न घटवणारं हफवायूव्ही कॉम्प्रेशन. तासाला साधारण 35 जीबी जागा लागेल. ही मूळ फाइल कायम ठेवा. नंतर एफएफएमपेग या प्रोग्राममधला बीडब्ल्यूडिफ हा कंगवा काढणारा फिल्टर लावून सेकंदाला 50 चित्रं काढा. 25 काढलीत तर नावाचं अर्धं फिरणं कायमचं जातं, ते मला अजिबात पटत नाही. अक्षरं पुढे-मागे थरथरली तर फील्डचा क्रम चुकलाय. बहुतेक कार्डांत वरचं फील्ड आधी असतं. शेवटी आकार 768×576 करा, नाहीतर नाव उभट दिसतं. तळाच्या काही ओळी फडफडतात त्या हेड बदलण्याच्या खुणा आहेत. त्यांवर काळी पट्टी टाका, कापून चित्र ताणू नका.

याच कार्डावर जुना टीव्ही गेम जोडून त्याचा लोगो घेणार असाल तर हा फिल्टर लावू नका. त्या काळचे बहुतेक पाल गेम 288 ओळींचं पूर्ण चित्र देतात, त्यावर तो लावला की बारीक रेषा उड्या मारतात. तिथे फील्ड वेगळे करून प्रत्येकाची उंची दुप्पट करा.